टीव्हीनं आजोबांचा फेटा कापला?

"काका, टीव्ही खराब निघाला." लग्नसराई उरकली की परभणीत माझ्या दारी हे वाक्य येतं, सोबत पेनड्राइव्ह. मी मेकॅनिक नाही. मला टीव्हीतलं कळतं हासुद्धा गल्लीनं करून घेतलेला गैरसमजच. पण 'टीव्ही खराब निघाला' हे मात्र आता ऐकवत नाही.

परवाचीच गोष्ट. जिंतूर रोडला एका घरी एकसष्टी. भिंतीवर नवा ४३ इंची टीव्ही, समोर सतरंजीवर दाटीवाटीनं पाहुणे, स्टुडिओतून करून आणलेला फोटोंचा व्हिडिओ सुरू झाला. पहिलाच फोटो आजोबांचा: घराच्या दारात उभे, डोक्याला फेटा, हातात काठी. पडद्यावर दिसलं काय, तर सदऱ्याची गुंडी, काठीची मूठ अन् धोतराचा सोगा. डोकं वर गेलं, पाय खाली. मुलानं 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणत रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. शेवटी एकमत झालं, कंपनीचा माणूस बोलवा.

तो येऊन करणार काय? फेटा स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवरच कापला गेला होता.

साधा हिशेब आहे. टीव्हीचा पडदा १६:९ या मापाचा. चांगल्या कॅमेऱ्याचा फोटो बहुतेक ३:२, मोबाइलचा बहुतेक ४:३. पडद्याइतका लांबट यातला एकही नाही. कॅमेऱ्याचा आडवा फोटो पडदाभर बसवायचा तर उंचीतला साधारण १६ टक्के भाग छाटावा लागतो, मोबाइलच्या आडव्या फोटोतला २५ टक्के. आणि मोबाइल उभा धरून काढलेला असेल तर ५८ टक्के! आजोबांचा फेटा या ५८ टक्क्यांत गेला. स्लाइडशो करताना 'फिल' आणि 'फिट' असे दोन पर्याय मिळतात. फिल पडदा भरतो आणि फोटो छाटतो. फिट फोटो अख्खा ठेवतो आणि उरलेली जागा काळी सोडतो.

मग स्टुडिओवाल्यानं फिल का घेतलं? मी विचारलं, तेव्हा मुलगाच जरा ओशाळून म्हणाला, "आम्हीच सांगितलं होतं, बाजूला काळं दिसू देऊ नका म्हणून." घ्या! काळी पट्टी दिसली की लोकांना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. अहो, ती पट्टी म्हणजे तुमचा फोटो शाबूत असल्याची खूण आहे. ती घालवायला काही जण रिमोटवरून चित्र ताणतात, मग नवरी-नवरदेव दोघंही भाकरीसारखे पसरट दिसतात.

आता टीव्हीची बाजू. तोही थोडं कापतो, पण त्याची तऱ्हा वेगळी. जुने डबा टीव्ही आठवा. व्होल्टेज उतरलं की चित्र आकसायचं, कडा वाकड्या दिसायच्या. ते झाकायला चित्र काचेपेक्षा जरा मोठंच पाडायचे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्याला त्याची गरज उरली नाही, तरी सवय गेली नाही. हे मी पदरचं सांगत नाही. चित्रपट-टीव्ही तंत्रज्ञांची संस्था एसएमपीटीई हिच्या मानकात रुंद पडद्यासाठी आजही महत्त्वाची हालचाल मधल्या ९३ टक्क्यांत आणि अक्षरं ९० टक्क्यांत ठेवायला सांगितलं आहे.

कोणी कापलं ते ओळखायला मेकॅनिक लागत नाही. टीव्ही कापतो तेव्हा चारही बाजूंनी थोडं-थोडं जातं, बातम्यांच्या चॅनलची खालची पट्टीही अर्धवट दिसते. सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप एचडीएमआय वायरनं जोडला असेल तर हे जास्त जाणवतं. अशा वेळी 'पिक्चर साइज'मध्ये जा. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांत 'स्क्रीन फिट' असं काहीतरी सापडेल. फक्त वर-खालचंच गेलं असेल आणि तेही भरपूर, तर तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावा. तिथंही डोकं गायब असेल तर टीव्हीला शिव्या देणं थांबवा.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण तेही ऐकून कान किटलेत. "एमपी४ आहे, मग चालत का नाही?" एमपी४ हा नुसता डबा, आत एच.२६५ पद्धतीचा व्हिडिओ असला तर जुन्या टीव्हीला तो उघडत नाही, नाव बदलूनही नाही. एच.२६४ मध्ये करून मागा. "लग्नाची मोठी फाइल कॉपीच होत नाही, पेनड्राइव्ह गेला." गेला नाही. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही. तिचे दोन भाग करा. "कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, मग धूसर का?" कारण फुल एचडी व्हिडिओच्या एका चित्रात जेमतेम २१ लाख पिक्सेल असतात, आणि तुम्ही तर फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवले होते. "फोटो आडवा पडला." मोबाइल 'हा फोटो उभा धरा' अशी खूण फाइलमध्ये ठेवतो, काही टीव्ही ती वाचत नाहीत. फोटो फिरवून नव्यानं सेव्ह करा.

त्या घरी मी शेवटी व्हिडिओ बंद केला, मुलाच्या मोबाइलमधले मूळ फोटो पेनड्राइव्हवर टाकले आणि टीव्हीच्याच फोटो दाखवायच्या सोयीतून लावले. आजोबा फेट्यापासून वहाणांपर्यंत अख्खे दिसले, दोन्ही बाजूंना काळं. तेव्हा पुढच्या वेळी स्टुडिओत ऑर्डर देताना एवढं सांगा: "काळं राहिलं तरी चालेल, फोटो कापू नका." आणि व्हिडिओसोबत मूळ फोटोंचं फोल्डरही मागून घ्या.