वेसकर ते वॉचमन

माझा आजा गावचा वेसकर. रात्री वेशीत बसायचे, कोण आले कोण गेले ते पाटलाच्या कानावर घालायचे आणि सकाळी दारोदार भाकरी मागायची. गावाची मालमत्ता राखणाऱ्या या माणसाला गावच्या पाणवठ्यावर मात्र जागा नव्हती. या राखणीला तास नव्हते, पगार नव्हता. होते ते वतन. १९२८ साली डॉ. बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याऐवजी पैशात मोबदला मिळावा, वतनातून मोकळे होण्याची वाट असावी, ही त्यामागची दृष्टी होती. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला.

माझा मामा गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि तो एका ठेकेदाराचा वॉचमन झाला. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले, आणि जेथे बाप साचा चालवीत होता तेथेच मुलगा दारावर उभा राहिला. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेले, इस्पितळे, कचेऱ्या सगळीकडे रखवालदारांची मागणी वाढली. मागणी वाढली की मजुरी वाढते, असे अर्थशास्त्राचे पुस्तक सांगते. मग येथे ती का वाढली नाही? कारण रखवालदार आपले श्रम स्वतः विकत नाही. ते ठेकेदार विकतो. टेंडर सर्वांत कमी दराला मिळते, आणि तो दर बारा तासांच्या पाळीतून व बुडवलेल्या सुट्टीतून भरून काढला जातो.

हे दलाल मध्ये नकोत, हाच महाराष्ट्राच्या १९८१ च्या खाजगी सुरक्षा रक्षक कायद्याचा गाभा होता. त्याचा नमुना १९६९ चा माथाडी कायदा. रक्षकाची नोंद मंडळात, मालकाचीही नोंद मंडळात. मालकाने वेतन आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने रक्षकाला पगार द्यायचा आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार सांभाळायचा. म्हणजे मालक बदलला तरी माणसाची जमा नोकरी बुडत नाही.

पण याच कायद्याच्या २३ व्या कलमात सूट आहे. एजन्सीच्या रक्षकांना मंडळापेक्षा कमी नसलेले लाभ मिळत असतील तर शासन त्यांना कायद्यातून वगळू शकते. लाभ खरोखर मिळतात की कागदावर मिळतात, हे रात्री दोन वाजता फाटकावर जाऊन कोण पाहणार?

२००५ साली केंद्राने सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा कायदा केला. त्यात एजन्सीला परवाना हवा, रक्षकाची पोलिसांकडून पडताळणी हवी, प्रशिक्षण हवे. परवाना देणारा अधिकारी गृहखात्याचा. १९८१ चा कायदा रक्षकाकडे कामगार म्हणून पाहतो. २००५ चा कायदा त्याच्याकडे आधी पोलिसांच्या नजरेने पाहतो. तरीही त्यात आपल्या उपयोगाचे एक हत्यार आहे: परिशिष्टातील कामगार कायदे मोडणाऱ्या एजन्सीचा परवाना रद्द होऊ शकतो.

आता विम्याविषयी. मामा एका पावसाळी रात्री गस्त घालताना जिन्यावरून पडला. खुबा मोडला. पगारातून राज्य विम्याची वर्गणी दरमहा कापली जात होती. इस्पितळात गेल्यावर कळले, त्याच्या नावाची नोंदच नव्हती. या योजनेत कामावर झालेल्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. कामावर येता येत नाही त्या काळात वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के भत्ता आणि उपचार मिळतात. मामाला मिळाली ती सोसायटीतील माणसांनी जमवलेली वर्गणी. बलुत्याची भाकरी आणि ही वर्गणी यांत मला फरक दिसला नाही. दोन्हींत दया होती, हक्क नव्हता.

मित्रहो, आपल्या वस्तीतली कितीतरी पोरे आज निळा-करडा गणवेश घालून उभी आहेत. त्यांना विचारा: विम्याचा क्रमांक आहे का? भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे का? वेतनचिठ्ठी मिळते का? मंडळात नोंद आहे का, की एजन्सीला सूट आहे? सूट असेल तर कोणत्या आदेशाने? हे पाच प्रश्न घेऊन दर महिन्याला एका फाटकावर जाण्याचे काम विद्यार्थीसुद्धा करू शकतात. वतन कायद्याने गेले. त्याची सवय मात्र दारावर अजून उभी आहे, आणि ती हटवायची तर प्रथम ही पाच उत्तरे कागदावर यावी लागतील.