मान्सून आला, पण पेरणी करायची का? मोबाईलवरचा अंदाज असा तयार होतो

२०२५ मध्ये मान्सून लवकर आला. २४ मेला केरळात, २६ मेला थेट मुंबईत. आता चाड्यावर मूठ धरायला हरकत नाही, असं अनेकांना वाटलं. पण पुढे मान्सूनची वाटचाल सुमारे २० दिवस अडली. अशा वेळी घाई केली की दुबार पेरणी आलीच. बियाणं, खत आणि ट्रॅक्टरचं भाडं, सगळं दुसऱ्यांदा.

त्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एसएमएसवर पावसाचा अंदाज पाठवला. पाऊस मध्येच थांबणार, हे त्या अंदाजाने बरोबर ओळखलं होतं. हे काम एकट्या हवामान खात्याचं नव्हतं.

आधी गणित, मग कॉम्प्युटर

हवेचा दाब, वारा आणि तापमान यांची गणितं मांडून हवामान सांगता येईल, असं इंग्रज गणितज्ञ रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. हाताने केलेलं त्यांचं गणित साफ चुकलं, पण वाट बरोबर होती. १९५० मध्ये अमेरिकेत कॉम्प्युटरवर पहिला अंदाज काढला गेला. २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागले! आज पुण्यातील आयआयटीएम संस्थेत 'अर्का' हा महासंगणक आहे. तिथे विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. आधी ही चौकट १२ किलोमीटरची होती.

एकमेकांना दिलं, म्हणून जमलं

२०२५ च्या एसएमएसमागे गुगलचं एक एआय मॉडेल, युरोपच्या हवामान केंद्राचं दुसरं मॉडेल आणि भारतीय हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या. प्रत्येकाने आपलं काम कुलुपात ठेवलं असतं, तर हा मेसेज तयारच झाला नसता.

शेतीचं गणितही त्यात लागतं. हवामानशास्त्रात 'मान्सून दाखल झाला' म्हणजे पाऊस, वारे आणि ढग ठरलेल्या निकषात बसले. शेतकऱ्याचा सवाल वेगळा असतो: उगवलेलं रोप जगेल एवढा पाऊस टिकेल का? हा सवाल कृषी आणि हवामान शास्त्रज्ञांनी एकत्र बसूनच सुटतो.

पेरणीआधी हे पाहा

- ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो.
- मुंबईत किंवा शेजारच्या तालुक्यात पाऊस झाला, म्हणजे आपल्या शिवारात झाला असं नाही. आपल्या महसूल मंडळाची नोंद बघा.
- 'मेघदूत' ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्या जिल्ह्याचा सल्ला मराठीत मिळतो.

अंदाज म्हणजे शक्यता, हमी नव्हे. म्हणून मोबाईल बघा, पण मूठभर माती हातात घेऊन ओलही बघा.