लिलावाची तारीख लागलेलं घर घेताना

अमेरिकेत घर शोधताना एखादं घर आजूबाजूच्या घरांपेक्षा जरा स्वस्त दिसतं आणि जाहिरातीच्या तळाशी लिहिलेलं असतं, ‘शॉर्ट सेल, बँकेच्या मंजुरीवर अवलंबून’. एजंटकडे चौकशी केली की कळतं, हप्ते थकल्यामुळे याच घराच्या लिलावाची तारीखही लागली आहे. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात : ‘सोडू नका, सोनं आहे’ आणि ‘त्या भानगडीत पडूच नका’. दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी कागद पाहिलेला नसतो.

शॉर्ट सेल म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. मालकाचं कर्ज ४,२०,००० डॉलर बाकी आहे आणि घराला बाजारात ३,५०,००० येतील. म्हणजे घर विकूनही कर्ज फिटत नाही. बँक कमी पैसे घेऊन घरावरचा बोजा उतरवायला तयार झाली, तरच विक्री होते. २००८च्या पडझडीनंतर अशा विक्रींचं पेवच फुटलं होतं. आता त्या कमी झाल्या आहेत, पण थांबलेल्या नाहीत. आपल्याकडे थकलेल्या कर्जावर बँकेशी ‘वन टाइम सेटलमेंट’ होतं, त्याच्या जवळपास जाणारा हा प्रकार. फरक इतकाच की इथे तडजोडीचे पैसे घर विकत घेणाऱ्याकडून येतात.

म्हणून मालकाने तुमच्या ऑफरवर सही केली, की घर आपलं झालं असं समजू नका. निर्णय त्याच्या हातात नाहीच. ज्या बँकेला तो हप्ते भरत होता, ती पुष्कळदा फक्त वसुली सांभाळणारी ‘सर्व्हिसर’ असते. कर्जाचा खरा मालक फॅनी मे किंवा फ्रेडी मॅकसारखी गृहकर्जं विकत घेणारी संस्था असू शकते, कर्जाला एफएचए या सरकारी संस्थेचा विमा असू शकतो. या सगळ्यांच्या नियमांत तुमची ऑफर बसावी लागते.

बँक तुमची किंमत पाहत नाही, आपल्या हातात निव्वळ किती पडणार ते पाहते. घराचं मूल्य ठरवायला ती स्वतःचा माणूस पाठवते : कधी अप्रेझर, कधी ‘बीपीओ’, म्हणजे किमतीचा अंदाज, देणारा स्थानिक ब्रोकर. एफएचएच्या पद्धतीत घर विक्रीला लागल्यापासून पहिल्या ३० दिवसांत निव्वळ रक्कम मूल्याच्या किमान ८८ टक्के हवी, पुढच्या ३० दिवसांत ८६ आणि त्यानंतर ८४. आता आपलं घर घ्या. मूल्य ठरलं ३,५०,०००. तुम्ही ३,४०,०००ची ऑफर दिलीत. सहा टक्के कमिशन म्हणजे २०,४०० गेले, टायटल, कर आणि किरकोळ खर्चाचे ९,००० धरा. उरले ३,१०,६००. ८८ टक्के म्हणजे ३,०८,०००, तेव्हा पहिल्याच महिन्यात गाडी सुटते. तेच तुम्ही ३,२०,०००ला घासाघीस केली असती, तर निव्वळ राहिले असते २,९१,८००, आणि ८४ टक्क्यांचा २,९४,०००चा शेवटचा उंबरठाही ओलांडला नसता. वीस हजार वाचवायच्या नादात दोन महिने जातात आणि तोवर लिलाव उरकतो. छप्पर गळत असेल, पाया खचला असेल, तर दुरुस्तीचे लेखी अंदाज आणि फोटो मूल्य ठरवणाऱ्याच्या हातात त्याच दिवशी पडले पाहिजेत. किंमत एकदा ठरून गेल्यावर वाद घालणं वेळखाऊ असतं.

खरं घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. एकाच बँकेत शॉर्ट सेलचा अर्ज पाहणारं ‘लॉस मिटिगेशन’चं टेबल वेगळं आणि लिलाव चालवणारं फोरक्लोजरचं टेबल वेगळं. पहिल्या टेबलावरची बाई फोनवर सांगते, ‘फाइल उत्तम चालली आहे’, आणि दुसऱ्या टेबलावर लिलावाची तयारी बिनबोभाट पुढे सरकत असते. २०१४पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार कर्जदाराचा पूर्ण अर्ज लिलावाच्या ३७ दिवसांहून जास्त आधी पोचला असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत सर्व्हिसरला लिलाव करता येत नाही. यात ‘पूर्ण’ हा शब्द जपून वाचावा. पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, कर विवरणपत्र, अडचणीचं पत्र, यांतला एक कागद राहिला तरी अर्ज अपुरा ठरतो. म्हणून मालकाच्या एजंटला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. अर्ज पूर्ण असल्याचं बँकेचं पत्र आलं आहे का आणि त्यावर कुठली तारीख आहे, हे विचारावं. पत्र नसेल आणि लिलावाला तीन आठवडे उरले असतील, तर पुढची मुदत बँकेच्या मर्जीवर आहे असं समजून चालावं.

राज्याराज्यात घड्याळ वेगळं चालतं. टेक्ससमध्ये लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात आणि त्याआधी किमान २१ दिवस नोटीस लागते. तो मंगळवार टळला, तर पुढच्या तारखेसाठी नोटीस नव्याने द्यावी लागते, म्हणजे खरेदीदाराला निदान एक महिना मिळतो. न्यू जर्सीत प्रकरण कोर्टातून जातं आणि लिलाव शेरीफ करतो. तिथे कर्जदाराला स्वतःहून तारीख पुढे ढकलून घेता येते. कॅलिफोर्नियात कोर्ट मध्ये नसतं, ‘ट्रस्टी’ लिलाव करतो. २०२५पासून तिथे एक नवी सोय आहे : घर ब्रोकरमार्फत विक्रीला लावल्याचा करार लिलावाच्या किमान पाच कामकाजी दिवस आधी ट्रस्टीकडे पोचला, तर लिलाव किमान ४५ दिवस पुढे जातो, आणि त्या मुदतीत खरेदीचा करार हाती आला तर आणखी ४५ दिवस मिळू शकतात. मालकाचा एजंट हे जाणतो का, एवढ्यावरून त्याचं पाणी जोखता येतं.

दुसरं कर्ज असेल तर डोकेदुखी वाढते. लिलाव पहिल्या बँकेने केला तर दुसरीचा बोजा साधारणतः पुसला जातो आणि तिच्या हाती काही लागत नाही. पण शॉर्ट सेलमध्ये तिची सही लागते, म्हणून ती अडून बसते. पहिली बँक तिला थोडीच रक्कम देऊ देते. मग कुणीतरी हळूच सुचवतं, ‘वरचे दोन-चार हजार तुम्ही बाहेरून द्या.’ देऊ नका. व्यवहाराच्या हिशेबपत्रकात न दाखवलेला पैसा म्हणजे सरळ फसवणूक. ओळखीतल्या लोकांनी तर आणखी एक मोह टाळावा : मावसभाऊ घर घेईल, आपण भाडं भरत तिथेच राहू आणि पुढे परत विकत घेऊ. खरेदीदार आणि विक्रेता यांचं नातं किंवा छुपा करार नाही, असं प्रतिज्ञापत्र बँक दोघांकडून घेते. नात्यापोटी केलेला उपकार इथे खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा ठरतो.

आपल्या करारात दोन गोष्टी घालून घ्याव्यात. अर्नेस्ट मनी आणि तपासणीची मुदत बँकेच्या लेखी मंजुरीनंतर सुरू व्हावी, आणि लिलाव झाला तर करार आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळावेत. टायटलचा शोध मात्र मंजुरीची वाट न पाहता घ्यावा. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, आयआरएसचा (केंद्रीय कर खात्याचा) बोजा ऐनवेळी निघाला की निव्वळ रकमेचं गणित विस्कटतं आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते. गृहकर्जाचा व्याजदर लवकर लॉक करू नये. लॉकची मुदत संपली की वाढवायला पैसे पडतात.

एवढी यातायात करण्यापेक्षा लिलावातच का घेऊ नये? तिथे बहुतेक ठिकाणी कॅशियर्स चेक किंवा रोख लागते, घर आतून पाहता येत नाही आणि आत राहणाऱ्याला बाहेर काढणं तुमच्या गळ्यात येतं. आयआरएसचा कनिष्ठ बोजा असेल तर लिलावानंतर १२० दिवस सरकार ते घर सोडवून घेऊ शकतं. पगारदार माणसाला कर्ज काढून घर घ्यायचं असेल, तर मला शॉर्ट सेलच बरा वाटतो, फक्त हाती वेळ आणि दुसरं राहतं घर असलं पाहिजे.

मंजुरीचं पत्र आलं की ते सावकाश वाचावं. त्यात निव्वळ रक्कम, क्लोजिंगची शेवटची तारीख आणि उरलेलं कर्ज माफ केलं की नाही, हे लिहिलेलं असतं. तिसरी ओळ मालकाच्या कामाची, पण तुमच्याही. उरलेल्या कर्जाची वसुली पुढे होऊ शकते हे कळल्यावर मालक शेवटच्या दिवशी सही करत नाही. चार घरांपर्यंतच्या निवासी मालमत्तेत बँकेने शॉर्ट सेलला लेखी संमती दिली असेल, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याने २०११पासून अशी वसुली बंद आहे. बाकीच्या बहुतेक राज्यांत पत्र काय म्हणतं त्यावर सगळं.

मंजुरीने लिलाव आपोआप रद्द होत नाही, तो बहुतेक वेळा फक्त पुढे ढकलला जातो. म्हणून नवी तारीख ट्रस्टी किंवा शेरीफच्या कार्यालयाकडून थेट विचारून घ्यावी, बँकेच्या फोनवर विसंबू नये, आणि क्लोजिंगच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावं. एस्क्रोतून पैसे बँकेत पोचले, बँकेने ते स्वीकारल्याचं कळवलं आणि खरेदीखत काउंटीत नोंदलं गेलं, की मगच त्या घरावरचा लिलाव फाइलीतून निघतो.