काच फुटली, स्क्रू फिरवण्याआधी

फोनची नुसती वरची काच तडकलेली, पण चित्र आणि टच दोन्ही शाबूत असतील, तरी घरी फक्त काच बदलण्याच्या फंदात पडू नका. काच आणि डिस्प्ले पारदर्शक गोंदाने एकजीव चिकटवलेले असतात. ते वेगळे करायला आणि बुडबुडा न राहता पुन्हा जोडायला व्हॅक्यूमचे यंत्र लागते. घरी जमते ते अख्खा ‘फोल्डर’, म्हणजे काच, टच आणि डिस्प्लेचा जोड, बदलणे.

खरेदीतच खरी फसगत होते. ओएलईडी फोनसाठी स्वस्त एलसीडी फोल्डर मिळतो, पण तो लावला की पडद्याखालचा ऑप्टिकल फिंगरप्रिंट सेन्सर बंद. आयफोन ११ पासून पुढच्या मॉडेलांत पडदा अस्सल असल्याची खात्री पटली नाही, तर सेटिंग्जमध्ये तसा संदेश दिसतो.

उघडण्याआधी बॅटरी २५ टक्क्यांखाली आणून फोन बंद करा. तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावा, डोळ्यांवर चष्मा हवाच. कडा हेअर ड्रायरने गरम करून प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू उचला. धातूचे पाते खोल घुसून बॅटरीला लागले तर आग लागू शकते. आत पोहोचताच पहिल्यांदा बॅटरीची जोडणी काढा. स्क्रू ज्या जागचे त्याच क्रमाने कागदावर चिकटवा: लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर मदरबोर्डच जातो! नवा फोल्डर चिकटवण्याआधी नुसता जोडून टच तपासा. आणि पाण्यापासूनचे संरक्षण यापुढे गृहीत धरू नका.