गिऱ्हाईक कमी, म्हणून माल बंद करायचा का?



ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, या वस्तूला गिऱ्हाईक कमी आहे, बंद करू का?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: ती वस्तू तुमच्याकडे मिळते, हे किती जणांना माहीत आहे? हा प्रश्न न विचारता निर्णय घेतला की काय होऊ शकतं, ते एका इंग्लंडच्या रेडिओ स्टेशनवरून समजून घेऊ.

स्टेशनचं नाव बीबीसी रेडिओ सिक्स म्युझिक. सुरू झालं ११ मार्च २००२ ला. इथे वाजतं ते ऑल्टरनेटिव्ह म्युझिक, म्हणजे हिट गाण्यांच्या यादीबाहेरचं संगीत: इंडी रॉक, पंक, इलेक्ट्रॉनिक, नव्या बँडची गाणी आणि बीबीसीच्या संग्रहातली जुनी रेकॉर्डिंग्ज. माल एकदम वेगळा. पण अडचण अशी की स्टेशन फक्त डिजिटल होतं. साध्या एफएम रेडिओवर लागायचंच नाही. डिजिटल रेडिओ सेट, डिजिटल टीव्ही किंवा इंटरनेट हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर दुकान चांगलं, पण गल्लीच्या आत आणि बाहेर बोर्ड नाही.

२०१० च्या सुरुवातीला बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टने या स्टेशनचा आढावा घेतला. निष्कर्ष दोन होते. ऐकणाऱ्यांना स्टेशन मनापासून आवडतं. पण देशातल्या साधारण ५ पैकी १ प्रौढालाच ते आहे हे माहीत आहे. तरीही मार्चमध्ये बीबीसीच्या व्यवस्थापनाने प्रस्ताव मांडला की खर्च आवरायचा आहे, तर सिक्स म्युझिक बंद करू.

मग श्रोते उठले. पत्रं, ऑनलाइन मोहीम, लंडनला बीबीसीच्या इमारतीबाहेर निदर्शनं. डेव्हिड बोवीसारख्या मोठ्या गायकानेही पाठिंबा दिला. पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. या गाजावाजामुळे ज्यांनी नावही ऐकलं नव्हतं, त्यांनी स्टेशन लावून बघितलं. २००९ च्या शेवटच्या तिमाहीत आठवड्याला सुमारे ७ लाख श्रोते होते. पुढच्याच तिमाहीत आकडा १० लाखांवर गेला. जुलै २०१० मध्ये ट्रस्टने बंद करायचा प्रस्ताव फेटाळला. पुढच्या काही वर्षांत श्रोते २० लाखांच्या वर गेले.

लक्षात घ्या, गाण्यांची जात तीच होती. फरक इतकाच पडला की लोकांना कळलं.

यातून आपण काय घ्यायचं?

१. दोन आकडे वेगळे मोजा. समजा तुम्ही नाचणीचे लाडू विकता. परिसरात १,००० घरं आहेत आणि ४० घरं दर महिन्याला घेतात. आता बघा, १,००० घरांना माहीत असून ४० घेत असतील, तर १०० मागे ४. चव, भाव किंवा गरज, कुठेतरी गडबड आहे. पण फक्त २०० घरांनाच माहीत असेल, तर १०० मागे २०! तिथे माल चांगला आहे, पोहोच कमी आहे. विक्री दोन्हीकडे सारखीच, पण उपाय एकदम वेगळा.

२. गर्दीसाठी माल बदलू नका. सगळ्यांना आवडेल असं करायच्या नादात सिक्स म्युझिकने हिट गाणी लावली असती, तर ती वाजवणारी स्टेशनं आधीच खूप होती. मग जुना श्रोता थांबला कशासाठी असता? लाडवाची ओळख नाचणी असेल, तर नाचणीच ठेवा. बोर्ड मोठा करा, चव द्या, जुन्या गिऱ्हाइकाला सांगा की शेजारी एक पाकीट नेऊन द्या.

३. प्रेमाने भाडं भरत नाही. हा मुद्दा नीट वाचा. बीबीसीचं स्टेशन जाहिरातीवर चालत नाही. तिथल्या घरांकडून टीव्हीसाठी लायसन्स फी घेतली जाते, त्यातून खर्च निघतो. आपल्याला अशी फी कोण देणार? म्हणून गणित करा. एका घरामागे महिन्याला १५० रुपये सुटत असतील, तर ४० घरांचे ६,००० झाले. त्या मालाचा महिन्याचा बांधलेला खर्च ४,००० असेल, तर चालू ठेवा आणि पोहोच वाढवा. खर्च ८,००० असेल, तर किमान ५४ घरं लागतील. तोवर रोज बनवण्यापेक्षा आगाऊ ऑर्डर घेऊन बनवा. "तुमचे लाडू बंद करू नका" म्हणणारा आणि आगाऊ पैसे देणारा, यातला दुसरा खरा गिऱ्हाईक.

आजचा होमवर्क: तुमची सगळ्यात कमी खपणारी वस्तू निवडा. ७ दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारा, "हे आमच्याकडे मिळतं, माहीत होतं का?" वहीत हो आणि नाही असे दोन रकाने करा. "नाही" जास्त आले, तर आधी महिनाभर सगळ्यांना सांगा, दाखवा, चव द्या. बंद करायचा विचार त्यानंतर.