तटाच्या आतलं शहर

वसईचा किल्ला म्हटला की मराठी मनात आधी १७३९ साल येतं. ते योग्यच आहे. फेब्रुवारी ते मे असा चाललेला चिमाजी अप्पांचा वेढा, सुरुंगांनी फोडलेले बुरुज आणि त्यासाठी सांडलेलं रक्त विसरण्याजोगं नाही. पण या वास्तूचं वय त्या तीन महिन्यांपेक्षा फार मोठं आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हापासून दोन शतकं इथे एक शहर नांदत होतं. माझ्या मते वसई आधी शहर होती आणि त्या शहराभोवती तट होता. या क्रमानेच ती पाहायला हवी.

याचा पुरावा जागेवरच आहे. तट सुमारे साडेचार किलोमीटरचा आहे आणि त्याचे बुरुज कोनदार आहेत. तोफांपुढे मध्ययुगीन उंच, गोल बुरुज टिकेनात, तेव्हा इटलीतल्या स्थापत्यकारांनी ही रचना घडवली. एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यापर्यंत मारा करता यावा, असा त्यामागचा हिशेब. इटलीतली ती विद्या पोर्तुगीजांबरोबर आपल्या खाडीच्या तोंडाशी आली. नुसती शिबंदी ठेवायची असती तर आतला छोटा बालेकिल्ला पुरेसा होता. एवढा विस्तार लागला तो वस्तीसाठी. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा पंथांची चर्च आणि मठ, रस्ते, घरं, दोन दरवाजे (एक जमिनीकडे, एक समुद्राकडे) हे सगळं तटाच्या आत होतं. वसईचा काळा दगड जुन्या गोव्याच्या बॉम जिझस चर्चच्या दर्शनी भागापर्यंत पोचला. नागासाकीत १५९७ मध्ये क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले.

यावर आक्षेप येतो की असं वर्णन म्हणजे परकी सत्तेचं कौतुक. आक्षेप हलका नाही. त्या सत्तेने देवळं पाडली, धर्मांतरासाठी दडपण आणलं, आणि त्या जुलमाची जाणीव मराठ्यांच्या मोहिमेमागे होती. हे सांगितल्याशिवाय वसईचा इतिहास लिहिणं अप्रामाणिक होईल. पण शहर राज्यकर्त्यांचं असलं तरी तट रचणारे हात, धान्य-भाजी पुरवणाऱ्या वाड्या आणि चर्चमध्ये गुडघे टेकणारे बहुसंख्य लोक इथलेच होते. शरणागतीच्या कलमांत ख्रिस्ती प्रजेला उपासनेचं स्वातंत्र्य मिळालं. विजेत्यांनीही त्यांना इथलीच प्रजा मानलं, हे त्यावरून दिसतं.

दुसरा आक्षेप असा की शहर केव्हाच संपलं, उरले ते अवशेष. तटाच्या आत हे खरं आहे. मुंबई वाढली तसा व्यापार तिकडे गेला. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईतच इंग्रजांशी तह केला, तोवर या शहराचे दिवस सरत आले होते. घंटा तर आधीच विजयचिन्हं म्हणून निघाल्या होत्या. त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. पण तटाबाहेरचं सांडोर संपलं नाही. तिथलं संत थॉमस चर्च सोळाव्या शतकात स्थापन झालं आणि ते आजही गावाचं चर्च आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांत वाडवळी आणि कादोडी या मराठीच्या बोली टिकून आहेत. किल्ल्यातली चर्च ओस पडली, त्यांची परंपरा मात्र गावांत चालू राहिली.

म्हणून किल्ला पाहायला येणाऱ्याने बुरुजावरून परत फिरू नये. चिमाजी अप्पांच्या स्मारकापुढे नतमस्तक व्हावं, छप्पर गेलेल्या चर्चच्या भिंती सावकाश पाहाव्यात, आणि मग सांडोरला जावं.