अडून बसणारा खण

जुन्या सागवानी टेबलाचा खण ओढला की एक बाजू पुढे येते, दुसरी तिथेच अडते. दोष पावसाळ्याला दिला जातो, पण तो अर्धाच खरा. ओला सागवान पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत ५ ते ६ टक्क्यांपर्यंत आकसू शकतो, लांबीत मात्र जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. दमट हवेत हीच चाल उलटी होते आणि खणाच्या बाजूच्या फळ्या उंचीला फुगतात. अशा वेळी रंधा मारला तर उन्हाळ्यात खण खुळखुळणार हे ठरलेलंच.

बारमाही अडणाऱ्या खणाचं दुखणं वेगळं. तो रिकामा करून उलटा धरा. बाजूच्या फळ्यांची खालची कड बहुधा मागच्या टोकाला जास्त झिजलेली दिसेल. आत ज्या पट्ट्यांवर खण सरकतो, त्या मात्र पुढच्या तोंडाशी. कारण उघडलेल्या खणाचं सगळं वजन तिथेच घासतं.

झिजलेली कड रंध्याने सरळ उतरवायची, त्याच जातीच्या लाकडाची पट्टी शिरा लांबीला ठेवून चिकटवायची. पट्टी किंचित जाड घ्यावी, मग मापाला आणावी. मी फेविकॉलपेक्षा सरसच वापरेन: ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, म्हणजे पुढच्या सुताराला शिव्या घालाव्या लागत नाहीत. रंध्याआधी चुका मात्र शोधा, नाहीतर पातं गेलंच. आतल्या पट्टीतली खाचही भरावी लागते. शेवटी मेणबत्ती घासा; तेल नको, त्यावर धूळ बसून चिकटा होतो.